उल्कावीरचा पहिला ठोसा

आमच्या घराचं नाव 'लाभ' होतं आणि त्याचा लक्ष्मीशी काडीचाही संबंध नव्हता.

लोकांना वाटायचं, सरांनी, म्हणजे मी, 'शुभ-लाभ' मधला लाभ घेतला, शुभ जागेअभावी राहून गेलं. वास्तुशांतीला आलेल्या एका पाहुण्यानं तर "शुभ कुठं लावलं?" म्हणत पार मागच्या दारापर्यंत तपास केला होता. मी कुणाला खरं सांगितलं नाही. खरं एवढंच होतं, की 'लाभ!' ही उल्कावीरची आरोळी होती. उल्कावीर म्हणजे माझ्या लहानपणच्या चित्रकथेतला महाबली. तो आकाशातून पडला होता, अंगात पिवळाधम्मक झगा घालायचा आणि समोर कितीही मोठा दुष्ट येवो, त्याला मोजून तीन ठोसे मारायचा. पहिला मारताना ओरडायचा, "लाभ!" दुसऱ्याला "दोन!" आणि तिसऱ्याला "तीन!" चौथ्याची गरज पडल्याचं मला आठवत नाही.

आता कुणी विचारील, ठोशाला 'लाभ' काहून म्हणायचं? हिंगोलीच्या मोंढ्यात ज्याचं लहानपण गेलं त्याला हा प्रश्न पडतच नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. हळदीची, ज्वारीची पोती काट्यावर चढायची आणि दादा खणखणीत आवाजात मोजायचे. मोजणीला 'एक' म्हणून सुरुवात करायची नाही, हा तिथला रिवाज. एक म्हटलं की माल एकावरच अडतो म्हणे. म्हणून पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन, चार. मला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी पाटीवर एक काढून विचारलं, "हे काय?" मी छाती फुगवून सांगितलं, "लाभ!" आयुष्यातल्या पहिल्या छड्या मी तिथं खाल्ल्या. (गुरुजींनी त्या एकपासून मोजल्या.)

दादांचे काट्यावरचे जोडीदार हुसेनचाचा. त्यांचा पोरगा रऊफ माझा जिवाभावाचा दोस्त. हुसेनचाचा पहिल्या मापाला 'बरकत' म्हणायचे. सकाळी दादा मोजत तेव्हा लाभ, दुपारी चाचा मोजत तेव्हा बरकत. पोतं दोन्ही वेळेला तेवढंच भरायचं, आणि त्या दोघांत यावरून कधी एका शब्दानंही वाद झाला नाही. तो करायला आम्ही होतो!

उल्कावीरचा एकच अंक आमच्याकडं होता. परभणीहून आलेल्या एसटीत कुणीतरी तो विसरलं होतं आणि तो दादांना आणि हुसेनचाचांना एकदमच दिसला. त्यामुळं मालकी निम्मी-निम्मी ठरली. एक आठवडा अंक आमच्या घरी, एक आठवडा रऊफच्या. अंक हिंदीत होता, पण आम्हाला तो कोणत्याही भाषेत असता तरी चाललं असतं, कारण आम्ही दोघं पहिलीत होतो आणि अक्षरांशी आमची अजून बोलचाल नव्हती. दादा संध्याकाळी मोंढ्यातून आले की चहा पिऊन अंक मांडीवर घ्यायचे, चित्रावर अंगठा ठेवायचे आणि सुरू व्हायचे.

"हे बघ, वरून काय येऊन राहिलं? परात! ह्याच्या मायची परात हाय ती. तिच्यात बसून आला ह्यो. आन् ह्यो चष्मेवाला कोन? काटा मारनारा बेपारी! गरिबाच्या क्विंटलामागं दोन किलो खातो मेला! मंग उल्कावीर काय म्हनतो? म्हनतो, थांब रं भामट्या, आज तुला मोजूनच देतो. लाभ!"

त्या 'लाभ'बरोबर दादांची मूठ माझ्या उशीत बसायची. पत्र्याचं घर हादरायचं. आई चुलीपासून ओरडायची, "आवं, उशी फाटंल!" एका संध्याकाळी ती खरंच फाटली आणि आम्ही दोघं, उल्कावीर आणि मी, रात्री जेवणापर्यंत कापूस वेचत बसलो होतो.

असे बरेच आठवडे गेले, आणि एक दिवस रऊफ अंक घेऊन शाळेत आला. म्हणाला, "उल्कावीर कसला मारतो न्हाई का? बरकत! दोन! तीन!"

"बरकत न्हाई. लाभ."

"बरकत."

"लाभ!"

"माझ्या अब्बानं सांगितलं!"

"माझ्या दादानं सांगितलं!"

यानंतर अंक दोन्ही बाजूंनी ओढला गेला. पुढचा अर्धा माझ्या हातात आला, मागचा अर्धा रऊफच्या. माझा अर्धा आईनं ट्रंकेच्या तळाला अंथरला आणि वाळवीनं खाल्ला. रऊफच्या अर्ध्याच्या त्याच्या अम्मीनं शेंगदाण्याच्या पुड्या बांधल्या. अक्षरं जुळवायला शिकेपर्यंत आमच्याकडं पानाचा तुकडासुद्धा उरला नव्हता. मला त्याचं काही वाटलं नाही. मला अख्खा उल्कावीर पाठ होता!

पुढं मी हिंगोलीतल्याच एका शाळेत मराठीचा मास्तर झालो. रऊफनं तिथंच मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि त्यावर पाटी लावली, 'बरकत मोबाइल'. लोक म्हणाले, वा, काय पाक नाव आहे! मला मात्र बराबर कळलं. ही पाटी गिऱ्हाइकांसाठी नव्हती, माझ्यासाठी होती. मी घर बांधलं आणि फाटकाशेजारी संगमरवरात कोरून घेतलं, 'लाभ'. रऊफ वास्तुशांतीला आला, पाटी वाचली आणि बुंदीचे चार लाडू खाऊन निघून गेला.

दादा गेले, हुसेनचाचाही गेले. वाद मात्र आम्ही नीट जपला. रोज शाळेतून आलो की मी रऊफच्या दुकानात बसायचो, आणि उल्कावीर निघाला नाही असा महिना गेला नाही. शाळेतही मी मुलांना सांगायचो, "मूळ कलाकृतीचा आत्मा जाणून घ्या! सिनेमावाले त्याचा गळा घोटतात!" उदाहरण अर्थात उल्कावीरचं. मुलं वहीत उतरवून घ्यायची. (एका मुलीनं परीक्षेत 'आत्मा म्हणजे परात' असं लिहिलं होतं. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.)

आणि एक दिवस पल्लवी, म्हणजे माझी मुलगी, पुण्याहून सुट्टीवर आली ती बातमी घेऊनच. "बाबा, तुमच्या उल्कावीरवर सिनेमा आलाय. आपल्या टॉकीजलाही लागलाय!"

मी तसाच चपला घालून रऊफचं दुकान गाठलं. पल्लवी मागून धावत आली. रऊफनं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "मास्तर, आता होऊन जाऊ दे फैसला. सिनेमात लाभ म्हणला तर मी दुकानाची पाटी बदलून 'लाभ' लावतो. बरकत म्हणला तर तू घराला 'बरकत' लाव. जो हरेल त्यानं समोरच्याचं नाव लावायचं. बोल, कबूल?"

"कबूल! पल्लवी, तू साक्षीदार."

घरी बायकोला हे सांगितलं तेव्हा ती वरणाला फोडणी देत होती. ती हातातली पळी घेऊन वळली. "आवं, संगमरवराची पाटी हाय ती! मी तिला दर शुक्रवारी पुसून राहिले! लेकीच्या सोयरिकीचे दिवस हाईत, आन् तुमी घर पणाला लावून आले?"

"घर नाही गं, नाव."

"मंग घरात राहिलं काय?" असं म्हणून तिनं फोडणी दिली, आणि मोहरीचा एक दाणा थेट माझ्या कपाळावर उडाला.

रविवारी तीनचा खेळ. मी, रऊफ आणि मध्ये पल्लवी. (बायको आली नाही. ती पाटी पुसत बसली असावी.) टॉकीज खचाखच भरलेली. पुढच्या पाच-सहा ओळींत सगळे मोंढ्यातलेच, कारण रविवारी लिलाव बंद. दिवे मालवले, पडद्यावर आभाळ फाटलं आणि उल्कावीर उतरला. पांढऱ्या झग्यात!

"पांढरा?" मी.

"पांढरा?" रऊफ. पंचेचाळीस वर्षांत प्रथमच आमचं एकमत झालं होतं.

"पिवळा होता, पोरी!" रऊफ पल्लवीला सांगू लागला. "एकदम पिवळा, जर्द! हे काय, मयताला आला का ह्यो?"

"बरं, ती परात कुठंय?" मी विचारलं.

"बाबा, ते अंतराळयान आहे."

"परात आहे ती! त्याच्या आईची!" मी उठलोच. मागून कुणीतरी माझ्या सदऱ्याला धरून खाली बसवलं. तेवढ्यात चष्मेवाला आला. सिनेमात तो कुठलासा शास्त्रज्ञ होता आणि त्याला पृथ्वी नष्ट करायची होती. क्विंटलामागं दोन किलो खाण्याचं नावसुद्धा नाही! मी कपाळावर हात मारला. आत्मा काय असतो, हे या लोकांना कोण शिकवणार?

पण मूळ मुद्दा पुढंच होता. पहिली मारामारी सुरू झाली. मी खुर्चीच्या टोकावर, रऊफ खुर्चीच्या टोकावर. उल्कावीरनं मूठ वळली, हात मागं घेतला आणि मारला. तोंडातून शब्द नाही! दुसरा ठोसा. शब्द नाही. तिसरा. चूप! मध्यंतरापर्यंत त्यानं सतरा जणांना लोळवलं, पण एवढा पैलवान गडी, तोंडातून 'हुं' नाही की 'चूं' नाही.

"आवाज बिघडला असंल," रऊफ म्हणाला.

"बाकीचे तर बोलतायत."

"मंग शेवटाला बोलंल. मोठ्या ठोशासाठी राखून ठेवलं असंल बरकत."

"लाभ."

शेवटची मारामारी आली. चष्मेवाला डोंगराएवढ्या यंत्रात बसलेला. खाली तडफडणारी माणसं, वर एकटा उल्कावीर. संगीत थांबलं. उल्कावीरनं हळूच मूठ वळली. ती मूठ पाहिली आणि मला आमचं पत्र्याचं घर दिसलं, उशी दिसली, दादांचा मागं गेलेला हात दिसला. माझा माझ्यावर ताबा राहिला नाही. मी उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "लाभ!"

त्याच क्षणी शेजारून रऊफ, "बरकत!"

आणि मग जे झालं त्याला आमचा इलाज नव्हता. पुढच्या पाच-सहा ओळींत मापाडी आणि हमालच बसले होते. जन्मभर त्यांच्या कानांवर पहिलं माप पडलं की तोंडातून दुसरं निघणारच! उल्कावीरनं दुसरा हात उचलला आणि दीडशे माणसं एका सुरात गर्जली, "दोन!" तिसऱ्याला तर बाल्कनीसुद्धा सामील झाली. "तीन!" यंत्र कोसळलं, चष्मेवाला मेला, पण मोजणी थांबेना. "चार! पाच! सहा!" पडद्यावर उल्कावीर नायिकेचा निरोप घेत होता आणि टॉकीज अकरावर पोचली होती.

दिवे लागले. मॅनेजर बॅटरी घेऊन धावत आला. "कुणी सुरू केलं हे?"

एकशे पन्नास बोटं आमच्याकडं वळली. पल्लवीनं ओढणी तोंडावरून घेतली. मॅनेजरनं माझ्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाला, "सर, तुमी? माझ्या लेकराला तुमीच शिकवून राहिले नं?" त्यानं आम्हाला हाताला धरून नाही, पण हात जोडून बाहेर काढलं. ते जास्त लागलं.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण बाहेर रस्त्यावर मी म्हणालो, "तुझ्यामुळं झालं. बरकत म्हणे! मुळात तुझ्या अब्बांनी तुला खोटी गोष्ट सांगितली."

रऊफ एकदम थांबला. "माझे अब्बा खोटं बोलत न्हवते, मास्तर. खोटं तुझ्या दादानं सांगितलं."

दोघांच्याही तोंडून नको ते निघून गेलं होतं. परत घेता आलं असतं, पण आधी कुणी घ्यायचं? रऊफ म्हणाला, "आजपासून दुकानात येऊ नको," आणि मी म्हणालो, "बोलावलंस तरी येणार नाही." तो डावीकडं गेला, मी उजवीकडं. माझं घर डावीकडंच आहे, त्यामुळं मला अर्ध्या गावाला वळसा घालावा लागला.

नऊ दिवस मी त्याच्या दुकानाकडं फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी माझा मोबाइल बादलीत पडला. दुसऱ्या कुणाकडं न्यायची हिंमत होईना आणि रऊफकडं जायची सोय नव्हती. मी तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला आणि संध्याकाळी चार ते सहा नुसता ओट्यावर बसून राहू लागलो. बायको म्हणाली, "जाऊन या की. माणूस मोठं का पाटी मोठी?" मी म्हणालो, "प्रश्न पाटीचा नाही, दादांचा आहे." आणि तो खरंच होता. माझ्याजवळ दादांचा फोटो एकच, तोही आधार कार्डावरचा. बाकी दादा माझ्याजवळ होते ते त्या 'लाभ'मध्ये. तेच खोटं निघालं तर माझ्याकडं काय राहणार होतं?

दहाव्या दिवशी पल्लवीनं मला काही न सांगता रिक्षात बसवलं आणि 'बरकत मोबाइल'पुढं उतरवलं. रऊफ मला बघून मोबाइलच्या पोटात डोकं खुपसून बसला. पल्लवीनं पिशवीतून एक पुडकं काढलं. "सिनेमा आला म्हणून जुने अंक पुन्हा छापलेत. मी मागवला. आता दोघं मिळून वाचा, आणि ओढाताण केलीत तर बघा!"

तोच अंक. तीच परात मुखपृष्ठावर! आम्ही काउंटरवर डोक्याला डोकं लावून वाचायला लागलो. दुसऱ्याच पानावर चौकटीत लिहिलं होतं : 'धरती पर गिरते ही उल्कावीर की आवाज़ सदा के लिए चली गई।'

रऊफनं ते मोठ्यानं वाचलं. मग मी वाचलं. मग पल्लवीनं वाचलं, म्हणजे मराठीच्या मास्तरला हिंदी कळलं की नाही याची खात्री झाली. उल्कावीर मुका होता! सबंध बत्तीस पानांत त्यानं तोंड उघडलेलं नव्हतं. सिनेमावाल्यांनी मूळ पुस्तकाला इतकं इमान राखलं होतं, की एक शब्दही वाढवलेला नव्हता. आणि त्यांना बेइमान ठरवणाऱ्या आम्ही दोघांनी त्या पुस्तकाचं एक अक्षरही कधी वाचलेलं नव्हतं.

"आन् झगा बी पांढराच हाय," रऊफ पुटपुटला. "मंग आपल्याकडं पिवळा काहून होता रे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला दादांचा अंगठा आठवला. मोंढ्यातून आल्यावर चित्रावर टेकलेला. दादा हात धुवायचे, पण मापाड्याच्या हाताची हळद साबणानं थोडीच जाते? एक आठवडा दादांची बोटं, एक आठवडा हुसेनचाचांची.

रऊफलाही कळलं. तो म्हणाला, "अब्बाला हिंदी वाचता येत न्हवतं, मास्तर. उर्दू यायची फक्त."

"दादांना तर सहीच यायची."

आम्हाला हे आधी ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते आणि उल्कावीर एका वेळी कधी आठवलंच नव्हतं. दिवसभर पोती मोजून आलेली ती माणसं पोरांपुढं 'मला वाचता येत नाही' म्हणाली नाहीत. समोर एक मुका नायक आणि अंगठ्याखाली कुलूपबंद अक्षरं. त्यांनी त्याला आपला आवाज दिला. मला रडू आलं. रऊफ स्क्रू-ड्रायव्हरनं डोळे पुसायला निघाला होता, पल्लवीनं तो वेळीच काढून घेतला.

"खोटं कुणीच न्हाई बोललं," रऊफ नाक ओढत म्हणाला.

"नाही. माझं चुकलं, यार."

"माझं बी. मोबाइल कुठंय तुझा? लागून न्हाई राहिला."

"तांदळात आहे."

इथं विषय संपायला हवा होता. पण पल्लवी वकिलीचं शिकते. ती म्हणाली, "मग पैजेचं काय? तो लाभही म्हणाला नाही आणि बरकतही. म्हणजे हरलात दोघंही. आणि जो हरेल त्यानं समोरच्याचं नाव लावायचं ठरलंय. मी साक्षीदार आहे."

त्याच आठवड्यात पाटीवाला येऊन गेला. आता माझ्या फाटकाशेजारी संगमरवरात 'बरकत' आहे आणि रऊफच्या दुकानावर 'लाभ मोबाइल'. बायकोनं नवी पाटी शुक्रवारी पुसली आणि म्हणाली, "ही जुनीपरीस बरी दिसून राहिली." पोस्टमन मात्र पार गोंधळलाय. 'बरकत' लिहिलेलं माझं टपाल तो सवयीनं रऊफच्या दुकानात टाकतो. तेव्हा मला भेटायचं असेल तर तुम्हीही घरी येऊ नका, तिकडंच या. संध्याकाळी चार ते सहा मी तिथं असतो आणि सिनेमावाले मूळ पुस्तकाच्या आत्म्याचा गळा कसा घोटतात, ते येईल त्या गिऱ्हाइकाला समजावून सांगतो. आता तर मी ते पुस्तक वाचलेलंही आहे, आणि खरं सांगू का, मूळ पुस्तकातही तो आत्मा काही उतरलेला नाही!